विश्लेषण : कंपनी तीच, टीम बदलायची आहे, मॅनेजर अडवू शकतो का?

राजीनामा दिला की शेवटच्या दिवसाची तारीख ठरते. त्याच कंपनीत दुसऱ्या टीममध्ये जायचं म्हटलं तर मात्र तारीखच मिळत नाही. आयटी कंपनीपासून जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत हे दुखणं सारखंच आहे. नियम काय सांगतात, न्यायालयं काय म्हणतात आणि साहेबांशी कधी, काय बोलायचं?

हिवरा आश्रम (जि. बुलढाणा) : मेहकर तालुक्यातल्या या गावात विवेकानंद जन्मोत्सव आला की पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरं सुट्टी काढून घरी येतात. पुरी-भाजी ट्रॅक्टरमधून वाढत न्यावी लागते, एवढी मोठी पंगत. तिथं शेजारी बसलेले काका हमखास विचारतात, "काय मग, अजून पुण्यातच का?" आयटीतल्या एखाद्याचं उत्तर असं असतं, "नागपूरला जागा निघालीय काका, आमच्याच कंपनीत. पण मॅनेजर सोडत नाही."

यातलं पहिलं वाक्य काकांना लगेच कळतं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पाही खुला झाला. मेहकरजवळ या रस्त्यावर चढता-उतरता येतं. नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल या कंपन्यांची कार्यालयं आहेत. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालं तरी त्याच रात्री घरी पोचता येतं. पुण्याहून यायचं तर रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसा.

दुसरं वाक्य मात्र त्यांना कळत नाही. कंपनी एकच, पगार देणारा एकच, तिकडं जागा रिकामी, मुलगा जायला तयार. मग अडवतं कोण?

नेमकं अडतं कुठं?

समजा, हिवरा आश्रमचा एक मुलगा हिंजवडीत तीन वर्षं एकाच प्रोजेक्टवर आहे. टेस्टिंग करतो. त्याला डेटाच्या कामात जायचंय आणि ते काम नागपूरच्या ऑफिसात आहे. घरी वडील एकटेच शेती बघतात, आईला दर महिन्याला दवाखान्यात न्यावं लागतं. कंपनीच्या पोर्टलवर जागा दिसते. मोठ्या कंपन्यांत याला आयजेपी म्हणतात, म्हणजे बाहेर जाहिरात देण्याआधी किंवा बरोबरीनं आतल्या लोकांसाठी काढलेली जागा. तो अर्ज करतो, मुलाखत होते, निवडही होते.

आणि मग 'रिलीज' हा शब्द येतो. जुन्या टीमनं त्याला मोकळं केल्याशिवाय नवी टीम त्याला घेऊ शकत नाही. बहुतेक ठिकाणी सिस्टिममध्ये ही संमती जुन्या मॅनेजरच्या नावापुढेच अडकलेली असते. मॅनेजर 'नाही' म्हणत नाही. तो म्हणतो, "बघू. हे रिलीज होऊ दे, मग बोलू." ते सॉफ्टवेअरचं रिलीज झालं की पुढचं येतं. नवी टीम महिना-दीड महिना थांबते आणि दुसऱ्या कुणाला तरी घेते.

मॅनेजर दुष्ट असतो म्हणून हे होतं, असं समजणं सोपं आहे. पण त्याच्या खुर्चीत बसून बघा. त्या मुलाच्या नावानं क्लायंटला महिन्याचं बिल जातं. तो गेला की बिल थांबतं. बदली माणूस मागायचा तर मंजुरी लागते, मंजुरी मिळाली तरी माणूस येऊन शिकेपर्यंत दोन-तीन महिने जातात. खर्चकपातीच्या काळात तर भीती वेगळीच: माणूस गेला की त्याची जागाही टीमच्या यादीतून कायमची जाते. म्हणजे त्याला खरी धास्ती असते ती रिकाम्या खुर्चीची. जाणारा मुलगा दुय्यम.

यातून एक विचित्र प्रकार घडतो. कामात कच्चा असलेला माणूस पटकन रिलीज होतो, पक्का असलेला अडकतो. वर्गातल्या शहाण्या मुलाला मॉनिटर करायचं आणि मग मधल्या सुट्टीतही वर्ग सांभाळायला बसवायचं, तसंच हे.

सरकारी नोकरीत वेगळं आहे का?

शब्द वेगळे, गाठ तीच. तिथं 'रिलीज'ला 'कार्यमुक्त' म्हणतात. गावातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, बदलीचा आदेश येणं आणि कार्यमुक्त होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून ऑनलाइन पद्धतीनं होऊ लागल्या. त्यामुळे कुणाच्या शिफारशीवर नाव वर-खाली करणं अवघड झालं. पण आंतरजिल्हा बदलीत नाव येऊनही शिक्षक जुन्याच शाळेत राहतात, कारण तो गेला तर शाळेत शिकवायला माणूस उरत नाही आणि रिक्त पदं आधीच जास्त असतात. शिवाय दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यावर सेवाज्येष्ठता नव्यानं सुरू होते. तरीही लोक जातात. नवरा एका जिल्ह्यात, बायको दुसऱ्या जिल्ह्यात, मुलं आजीकडं, हे किती वर्षं चालवणार?

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २००५ चा बदल्यांचा कायदा आहे. तो १ जुलै २००६ पासून लागू झाला. एका पदावर साधारण तीन वर्षं आणि बदल्या एप्रिल-मे महिन्यांत, हा त्याचा गाभा. यातलं गट 'ड' कर्मचाऱ्यांबद्दलचं कलम या विषयासाठी फार बोलकं आहे. गंभीर आणि खरी ठरलेली तक्रार सोडली, तर या कर्मचाऱ्याला तो असलेल्या ठिकाणाहून दोनच वाटांनी हलवता येतं: जिथं जायचंय तिथं स्पष्ट रिक्त जागा असताना त्यानं स्वतः विनंती केली तर, किंवा आपसी बदलीनं. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यालाही प्रश्न खुर्चीचाच दिसला. एक तर तिकडं रिकामी खुर्ची हवी, नाही तर इकडची खुर्ची भरायला माणूस हवा.

रेल्वेत हेच आणखी उघडपणे दिसतं. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही आपल्या जिल्ह्यातली स्टेशनं भुसावळ विभागात येतात. तिथला कर्मचारी दुसऱ्या विभागात 'ओन रिक्वेस्ट' गेला तर नव्या ठिकाणी ज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यात खाली जातो. आपसी अदलाबदल केली तर दोघांपैकी ज्याची ज्येष्ठता कमी, ती पकडून चालावं लागतं, पण तळाला जावं लागत नाही. इथंही मंजुरीनंतर प्रश्न उरतोच की साहेब 'स्पेअर' कधी करणार. आपसी बदलीला त्रास कमी, कारण एक गेला त्या जागेवर दुसरा येतो. खासगी कंपनीतल्या मुलांनी ही युक्ती शिकण्यासारखी आहे, त्याकडं पुढे येऊ.

न्यायालयात गेलं तर?

थोडक्यात सांगायचं तर 'मला इथून पाठवू नका' हे गाऱ्हाणं कायदा काही प्रमाणात ऐकतो. 'मला तिकडं जाऊ द्या' हे फारसं ऐकत नाही.

उत्तर प्रदेशातल्या एका महिला अधिव्याख्यात्यांनी अमरोहाहून गौतम बुद्ध नगर जिल्ह्यातल्या महाविद्यालयात बदली मागितली होती. त्या आधी तिथं तेरा वर्षं होत्या, या कारणानं ती नाकारली गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांची याचिका फेटाळली. अमुक ठिकाणीच बदली करा किंवा करू नका, असा आग्रह कर्मचारी धरू शकत नाही, ते मालकानं कामाची गरज बघून ठरवायचं, असं न्यायालयानं स्पष्ट केलं.

१० मार्च २०२२ चा निकाल जरा वेगळा आहे. केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सीमाशुल्क विभागानं २०१८ मध्ये एका आयुक्तालयातून दुसऱ्या आयुक्तालयात जाण्याची सोय परिपत्रक काढून बंद केली. कर्मचारी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयानं परिपत्रक रद्द केलं नाही. पण पती-पत्नी एकाच ठिकाणी असणं, अपंगत्व, घरातली अडचण यांचा विचार करून धोरण पुन्हा तपासा, असं सरकारला सांगितलं. हक्क मिळाला नाही, पण 'घर' ही गोष्ट धोरणात मोजली गेली पाहिजे, एवढं तरी कागदावर आलं.

खासगी नोकरीत तर बदली मागण्याचा कायदेशीर हक्क नाहीच. महाराष्ट्रातल्या १९७१ च्या कामगार संघटना आणि अनुचित प्रथांबाबतच्या कायद्यात आकसानं बदली करणं ही अनुचित प्रथा मानली आहे. आकसानं बदली न करण्याबद्दल मात्र त्यात काही नाही.

मग हातात राहतं काय? कंपनीचं स्वतःचं धोरण. ते फार जण वाचतच नाहीत. एचआर पोर्टलवर चार-पाच पानांची फाइल पडलेली असते आणि सगळं उत्तर त्यात असतं.

धोरणात काय शोधायचं?

चार गोष्टी. सध्याच्या कामात किमान किती महिने झालेले हवेत, शेवटचं अप्रेझल किती हवं, मॅनेजरला कधी कळतं आणि निवड झाल्यावर जास्तीत जास्त किती दिवसांत सोडायचं. तिसरी आणि चौथी सगळ्यात महत्त्वाची.

काही कंपन्यांत अर्जाचं बटण दाबताक्षणी मॅनेजरला मेल जातो. काहींत निवड झाल्यावर कळतं. हे माहीत नसताना अर्ज करणं म्हणजे घरात न सांगता स्थळ बघायला जाणं आणि वडिलांना ते शेजाऱ्याकडून कळणं. नंतर कितीही समजावलं तरी दुखावलेला माणूस दुखावलेलाच राहतो.

चौथ्या मुद्द्यात, म्हणजे रिलीजच्या मुदतीत, तुमचं खरं बळ आहे. धोरणात '६० दिवसांत सोडावं' असं लिहिलेलं असेल तर मॅनेजरला परवानगी द्यायची की नाही हा प्रश्नच उरत नाही, फक्त तारखेची बोलणी उरतात. अशी मुदत लिहिलेलीच नसेल, तर ती तुम्हाला स्वतः मिळवावी लागते.

मॅनेजरला आधी सांगायचं की नंतर?

यावर इंजिनिअरिंगच्या जुन्या ग्रुपवर कधीही वाद पेटवता येतो. अर्धे म्हणतात, ऑफर हातात आल्याशिवाय तोंड उघडू नका. अर्धे म्हणतात, लपवलं की संपलं.

माझं मत असं: सर्वसाधारण मॅनेजर असेल तर अंतिम मुलाखतीच्या आधी त्याला तुमच्याच तोंडून कळलं पाहिजे. दोन टीमचे मॅनेजर एकमेकांना ओळखतात, एका मीटिंगमध्ये बसतात, चहाला बरोबर जातात. नवा मॅनेजर जुन्याला 'कसा आहे मुलगा' म्हणून फोन करणारच. तो फोन येण्याआधी तुम्ही बोललेलं असावं.

शिवाय मॅनेजरांमध्ये एक न बोललेला करार असतो, मी तुझी माणसं ओढणार नाही, तू माझी ओढू नकोस. हा प्रकार कंपन्यांच्या पातळीवरही झालाय. ॲपल, गुगल, इंटेल, ॲडोबी यांच्यावर एकमेकांची माणसं न घेण्याचा छुपा समझोता केल्याचा आरोप झाला आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं ४१ कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीला मंजुरी दिली. एकाच कंपनीतल्या दोन टीममध्ये असा समझोता असला तर त्यावर खटला होत नाही, एवढाच फरक. म्हणून नव्या टीमनं गुपचूप आपल्याला ओढून न्यावं, ही आशा फार धरू नये.

अपवाद आहेत. मॅनेजर सूड उगवणारा आहे हे आधी कुणाच्या तरी बाबतीत दिसलं असेल किंवा अप्रेझलचे शेरे पुढच्या पंधरा दिवसांत लिहिले जाणार असतील, तर थांबा. शेरे बंद होऊ द्या, मग बोला. आणि तुम्ही सुधारणा योजनेत, म्हणजे पीआयपीत असाल तर बहुतेक कंपन्या आतला अर्ज घेतच नाहीत.

काहीही झालं तरी टीममधल्या मित्राला आधी सांगू नका. तो वाईट नसतो, पण दुपारच्या जेवणाच्या टेबलावर गोष्टी सांडतात.

बोलायचं कसं?

वेळ मागून, समोरासमोर. चॅटवर तर अजिबात नको. आणि खरं कारण सांगा. आईच्या दवाखान्याचं कारण सांगून गेलात आणि नंतर कळलं की पगारवाढीसाठी गेला, तर पुढच्या खऱ्या अडचणीला कुणी विश्वास ठेवणार नाही. दोन्ही कारणं असतील तर दोन्ही सांगा. मॅनेजरवर नाराज असाल तर मात्र ते कारण तिथं काढू नका. त्याचा हिशेब वेगळ्या दिवशी.

बोलणं साधारण असं चालतं:

"सर, एक सांगायचं होतं. नागपूरच्या डेटा टीममध्ये जागा निघालीय, मी अर्ज करणार आहे. तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून आधी सांगतोय."

"अरे, आत्ता? ऑक्टोबरचं रिलीज डोक्यावर आहे."

"माहितीय सर. ते अर्धवट टाकून जात नाही. ऑक्टोबरचं रिलीज झाल्यावर दोन आठवडे मी केटी देतो. रिग्रेशनचं काम आत्ताही अर्धं ती नवी मुलगीच करतेय, तिला या महिन्यापासून पूर्ण देऊ या. मी फक्त बघतो."

"बघू."

इथं बहुतेक जण 'थँक यू सर' म्हणून उठतात आणि तिथंच घात होतो. उठायच्या आधी एक वाक्य अजून: "सर, १५ नोव्हेंबर धरून चालू का? नसेल जमत तर कुठली तारीख जमेल?" 'सोडाल का?' या प्रश्नाला 'बघू' हे उत्तर चालतं. 'कुठली तारीख?' या प्रश्नाला ते चालत नाही.

लक्षात घ्या, या संवादात मुलानं रेल्वेच्या आपसी बदलीचीच युक्ती वापरली. स्वतःची खुर्ची भरायला माणूस दाखवला. असा माणूस एका दिवसात तयार होत नाही. ज्याला सहा महिन्यांनी जायचंय त्यानं आजपासून आपलं काम दुसऱ्याला शिकवायला, लिहून ठेवायला लागावं. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही हे कळलं तर नोकरी जाईल, या भीतीनं आपण सगळं डोक्यात ठेवतो. त्याच भीतीनं आपण त्या खुर्चीला खिळतो.

तोंडी ठरलं, पुढे?

त्याच दिवशी मेल. मेल इंग्रजीतच जाईल, आशय एवढाच ठेवा: आज बोलणं झालं त्याबद्दल आभार, ठरल्याप्रमाणे अमुक कामं अमुक तारखेपर्यंत पूर्ण करेन, केटी अमुक व्यक्तीला देईन, १५ नोव्हेंबरला रिलीज धरून नव्या टीमला कळवतोय, काही बदल असेल तर सांगावं. तक्रारीचा सूर नको, एचआरला कॉपीतही लगेच नको. ही नुसती नोंद आहे. पुढे तारीख सरकली तर हाच मेल कामाला येतो.

सरकारी कार्यालयात याचंच रूप म्हणजे अर्जाची पोच. विनंती अर्ज आवक शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. साहेबांच्या टेबलावर ठेवलेला अर्ज फायलींखाली जातो. आवक क्रमांक पडलेला अर्ज निदान शोधता येतो.

'अर्धा वेळ इकडं, अर्धा वेळ तिकडं' असा तोडगा पुष्कळदा पुढे येतो. दिसायला बरा, पण अर्ध्याची दोन पूर्ण कामं होतात. घ्यायचाच तर शेवटची तारीख लिहून घ्या.

तारीख दोनदा सरकली तर मग एचआरकडं किंवा माणसांची वाटणी बघणाऱ्या विभागाकडं जा. त्यानंतर मॅनेजरच्या मॅनेजरकडं. जाण्याआधी मॅनेजरला सांगून जा: "सर, दोन वेळा तारीख बदलली, मी एचआरशी बोलतोय." डोक्यावरून गेला ही भावना सगळ्यात जास्त खुपते. सांगून गेलात तर निदान तेवढं तरी टळतं.

बाहेरची ऑफर दाखवून दाबाव टाकावा का? खरंच जायची तयारी असेल तरच. मॅनेजर 'अभिनंदन' म्हणाला तर पुढं काय करणार, हे घरी ठरवूनच ऑफिसात बोला.

नव्या पत्रावर सही करण्याआधी

हा भाग घाईत निसटतो आणि मग महागात पडतो. विजया बँकेचं प्रकरण यासाठी वाचावं. बँकेतलेच एक अधिकारी २००६ च्या जाहिरातीनुसार बँकेतल्याच वरच्या पदासाठी अर्ज करून निवडले गेले. जुनं पद सोडून सप्टेंबर २००७ मध्ये नव्या पदावर रुजू झाले. नव्या नेमणुकीत अट होती, तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख रुपये भरायचे. जुलै २००९ मध्ये त्यांनी दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला आणि ते पैसे निषेध नोंदवून भरले. उच्च न्यायालयात त्यांची बाजू टिकली. पण १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला आणि अट वैध ठरवली. बँकेत ते १९९९ पासून होते, तरी नव्या पदाबरोबर नवी अट आली. 'आतलीच बदली आहे' म्हणून पत्र न वाचता सही करू नये, ते यासाठी.

दुसरं, कंपनीचं नाव नीट बघा. समूह एकच असला तरी त्यातली कंपनी वेगळी असू शकते. ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. त्याच कंपनीत टीम किंवा शहर बदललं तर सेवा चालूच राहते. समूहातल्या दुसऱ्या कंपनीत राजीनामा देऊन, नवं नियुक्तिपत्र घेऊन गेलात तर मोजणी नव्यानं सुरू होऊ शकते. आधीची सेवा धरली जाईल, हे पत्रात लिहून घ्या. चार वर्षं झालेल्यानं तर घ्यावंच. पीएफचा यूएएन तोच राहतो, पण जुनी शिल्लक नव्या खात्यात आली की नाही ते तपासा.

तिसरं, मधले दिवस. जुन्या टीमनं सोडलं आणि नव्या टीमचं काम सुरू व्हायला महिना आहे, तर तो महिना बेंचवर जातो. टीसीएसनं १२ जून २०२५ पासून लागू केलेल्या धोरणाची बरीच चर्चा झाली. वर्षात २२५ दिवस बिल होणारं काम हवं आणि बेंचचे दिवस ३५ च्या वर जाऊ नयेत, असं ते धोरण आहे. अशा ठिकाणी रिलीजची तारीख लवकर मिळाली म्हणून आनंद मानण्याआधी नव्या कामाची तारीखही विचारा. आणि यंदाचं अप्रेझल कोण लिहिणार हेही. वर्षाचे नऊ महिने ज्याच्या हाताखाली काढले, त्याचे शेरे तो जाण्याआधी लेखी देऊन ठेवेल का, एवढं विचारायला हरकत नाही.

नाहीच सोडलं तर?

मागणी दोन भागांत मोडून बघा. हिवरा आश्रमच्या त्या मुलाला दोन गोष्टी हव्या आहेत, नागपूर आणि डेटाचं काम. दोन्ही एकदम मागितल्यावर मॅनेजरला माणूस पूर्ण गमवावा लागतो. फक्त नागपूर मागितलं, काम तेच ठेवून, तर त्याचं काही जात नाही. लॅपटॉप दुसऱ्या शहरात जातो, एवढंच. अनेक कंपन्यांत मूळ ठिकाण बदलून घेण्याची प्रक्रिया आयजेपीपेक्षा वेगळी आणि सोपी असते. घर जवळ येतं, डेटाचं काम वर्षभरानं बघता येतं. ज्याला घराचीच ओढ आहे त्यानं हे आधी विचारावं, असं मला वाटतं.

सरकारी नोकरीत असाल आणि खातंच सोडायचं असेल, तर वाट निराळी आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाहेरच्या पदांसाठी वर्षातून साधारण चार वेळा अर्ज करू द्यावा, सार्वजनिक हिताचं कारण असेल तरच तो रोखावा, असं केंद्राच्या कार्मिक विभागाच्या सूचना सांगतात. अर्ज कार्यालयामार्फत गेला आणि निवड झाली तर तांत्रिक राजीनामा देता येतो, म्हणजे आधीची सेवा वाया जात नाही. अर्ज परस्पर केला तर हा फायदा अडचणीत येतो. म्हणून परीक्षेचा फॉर्म भरतानाच कार्यालयाला लेखी कळवून त्याची पोच घ्यायची, निकाल लागल्यावर नाही.

खासगीत शेवटी राजीनामा उरतोच. तिथं नोटीस साठ किंवा नव्वद दिवसांची असते आणि ती संपल्यावर कुणाला अडवता येत नाही. ज्या मॅनेजरला अंतर्गत बदलीसाठी सहा महिन्यांत तारीख सापडली नाही, त्यालाच राजीनाम्यानंतर त्या नव्वद दिवसांत केटी घ्यावी लागते, माणूस शोधावा लागतो. तोपर्यंत पोर्टलवरची नागपूरची जागा भरलेली असते. पण राजीनामा टाकण्याआधी एकदा एचआरला लेखी विचारा: मी कंपनी सोडली तर ९० दिवसांत मोकळा होतो, कंपनीतच राहिलो तर किती दिवसांत होईन? हा प्रश्न मेलवर, आकड्यासकट विचारायचा.